अभिजितचा खोटा जोडीदार

चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. नाकावर टोचतंय, कानामागं दुखतंय, पायरी उतरताना जमीन खाली गेल्यासारखी वाटते. वडूजच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. आतल्या खोलीत मी डोळे तपासते आणि पुढच्या काउंटरवर माझा नवरा फ्रेमा बघतो. आमच्या लग्नाच्या आधीपासून, म्हणजे सासरे हयात होते तेव्हापासून, दुकानाची हीच जागा आहे. तेव्हा अशा तक्रारींची उत्तरं आम्हा दोघांना पाठ आहेत. पण पाऊस नुकताच उघडला होता त्या ऑक्टोबरात एक गृहस्थ आत आले, खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, "ताई, तुमचा चष्मा घातल्यापास्नं आभाळातलं तारं वाढल्यात."

मी त्यांना ओळखत होते. माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका गावचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. वर्षभरापूर्वी आमच्याकडूनच चष्मा करून नेला होता. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण माणूस थट्टेचा दिसत नव्हता. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं, की त्यांच्याकडे एक दुर्बीण आहे. निवृत्त झाल्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं भेट दिलेली. तिच्यातून ते रोज संध्याकाळी जोडतारे बघतात. साध्या डोळ्यांना एक दिसणारा आणि दुर्बिणीतून दोन निघणारा तारा म्हणजे जोडतारा. असे पुष्कळ त्यांना तोंडपाठ होते. आणि आता पावसाळा संपून बघतात तर जो एकटा असायला हवा तोही दोन दिसायला लागलेला. अभिजितसारखा ठळक तारासुद्धा.

"अभिजितला असा चिकटून जोडीदार न्हाई," ते म्हणाले. "म्या दुर्बीण खोलून सगळ्या काचा पुसल्या, परत जोडली. तरी दोनच. मग म्हटलं, चष्म्यातच घोळ हाय."

त्यांचा चष्मा मी यंत्रावर लावून पाहिला. नंबर बरोबर होता. मग त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि भिंतीवर एक बारीक दिवा लावून विचारलं, किती दिसतात? उजव्या डोळ्याला दोन दिसत होते. डाव्याला एकच, पण त्याला शेपूट होतं. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसले तर डोळ्यांची जुळणी बिघडलेली असू शकते. एका डोळ्यानंच दोन दिसले, तर घोळ त्या डोळ्याच्या आतच असतो. मी मध्ये बारीक भोक असलेली काळी चकती त्यांच्या उजव्या डोळ्यापुढं धरली. भोकातून दिवा एकच झाला. मग खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्चचा उजेड बाहुलीवर टाकला. बाहुली आतून लाल चमकते, तशी चमकली, आणि त्या लालीत राखाडी रेषा दिसल्या, सायकलच्या तारांसारख्या. मोतीबिंदू उजव्या डोळ्यात बऱ्यापैकी पुढं गेला होता. डाव्यात नुकता सुरू झाला होता.

मी त्यांना सांगितलं, मोतीबिंदू वाढतोय, नवा चष्मा देऊन उपयोग नाही, मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, चष्मा घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, पेपर वाचता येतो, गाडी चालवता येते, मोतीबिंदूवाल्याला कुठं असलं जमतं? दुर्बिणीतच काहीतरी असणार. तुम्ही एकदा येऊन डोळा लावून बघा, म्हणजे कळेल.

गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याची दुर्बीण तपासायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, जाऊ या की, तिकडं शेंगोळ्या चांगल्या मिळतात. त्याचं अर्धं लक्ष खाण्यातच असतं. शिवाय माझ्या मनात एक होतं. माणूस डॉक्टरांकडं जायला तयार नसेल, तर त्याला त्याच्या जागेवर जाऊन पटवावं लागतं. म्हणून येत्या अमावास्येच्या आसपासचा रविवार धरून, दुकान लवकर बंद करून आम्ही मोटारसायकलवर निघालो.

सुभेदारकाकांचं घर गावाच्या कडेला, माळावर होतं. मागं शेळ्यांचा गोठा, पुढं मोकळं अंगण, आणि अंगणात सिमेंटचा एक ठोकळा खास दुर्बिणीसाठी ओतलेला. लांबच्या डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लुकलुकायचे आणि एकदम विझायचे. बाकी सगळीकडं काळोख. काकींनी दारातला बल्ब बंद केला, माझ्या नवऱ्याचा मोबाईल काकांनी अक्षरशः जमा करून घेतला आणि अंगणात खुर्च्या मांडल्या. आल्या आल्या काही दाखवायचं नाही, आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची, असा त्यांचा नियम. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्याच्या पडद्याला मंद उजेड हळूहळू कळायला लागतो, हे मला शिकताना पाठ करावं लागलं होतं. पण त्यासाठी कुणी मला असं अंगणात बसवून ठेवलं नव्हतं. हळूहळू आभाळ भरत गेलं. जिथं आधी काही नव्हतं तिथं तारे आले, त्यांच्यामध्ये आणखी आले, आणि डोक्यावरून दक्षिणेकडं आकाशगंगेचा फिकट पट्टा उतरला. वडूजला आमच्या गच्चीवरूनही आभाळ दिसतं, पण चौकातल्या मोठ्या दिव्यामुळं त्याचा निम्मा माल गायब असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

काकांनी आधी दुर्बीण अभिजितवर लावली. मी डोळा लावला. एकच तारा, पांढराशुभ्र, टोकदार. मी म्हटलं, एक आहे. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, दोन. पुन्हा मी पाहिलं. एक. काकी गोठ्याकडून येता येता म्हणाल्या, "आता तरी ऐका त्या पोरीचं." काकांनी दुर्बीण थोडी फिरवली आणि म्हणाले, हे बघा.

हंस तारकासमूहाच्या चोचीतला तारा मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता. साध्या डोळ्यांना तो इतर ताऱ्यांसारखाच एक मध्यम ठिपका आहे. दुर्बिणीत त्याचे दोन झाले. एक मोठा, हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा. त्याच्या शेजारी लहान, निळा. आमच्याकडच्या गोधडीत जुन्या साडीचा असा निळा तुकडा कधीकधी सापडतो, तसा अगदी स्वच्छ निळा. मी डोळा काढलाच नाही.

शेवटी मी बाजूला झाले आणि म्हटलं, काय सुंदर निळा आहे तो. काकांनी माझ्याकडं पाहिलं. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण त्यांचा आवाज बदलला.

"निळा?" ते म्हणाले. "आवं, पांढरा हाय तो. राखेसारखा."

मी म्हटलं, निळा आहे. नवऱ्याला बोलावलं. तोही म्हणाला, निळा. मग हळू आवाजात काकांनी सांगितलं, की दुर्बीण नवी आली तेव्हा त्यांनाही तो निळा दिसायचा. पुढं पुढं निळेपणा गेला. त्यांना वाटलं, तेव्हा नवी हौस होती, म्हणून मनानंच रंग चढवला असेल. जुन्या गोष्टी आठवताना माणूस थोडं वाढवून सांगतो तसं. मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, की तो तारा पहिल्यापासून पांढराच होता.

मला त्यांची फार दया आली, आणि एकदम उत्साहही आला, कारण याचं कारण मला ठाऊक होतं. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि ते पिवळं भिंग सगळ्यात आधी निळा रंग अडवतं. मी त्यांना ते सांगितलं. पण सांगून भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मी त्यांना पुन्हा डोळा लावायला सांगितलं आणि विचारलं, किती दिसतात? चार, ते म्हणाले. दोनाचे चार झालेत. मी म्हटलं, आता दुर्बिणीला हात न लावता, डोळा तसाच ठेवून, मान हळूहळू डाव्या खांद्याकडं झुकवा.

सहा फूट उंचीचा तो माणूस दुर्बिणीवर वाकून, कान खांद्याला लावायच्या बेतात, तसाच उभा राहिला. मग सरळ झाला. पुन्हा मान वाकवली. पुन्हा सरळ. गोठ्यात शेळ्या पाय आपटत होत्या, तेवढाच आवाज.

"दोन जागच्या जागीच राहिलं," ते शेवटी म्हणाले. "बाकीचं दोन माझ्या मानंबरूबर फिरलं."

यापुढं मला काही समजावून सांगावं लागलं नाही. जे आभाळात आहे ते मान वाकडी केल्यानं हलत नाही. जे हललं ते डोळ्यातलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मला वाटलं, आता म्हणतील, कधी जाऊ या मिरजेला. पण ते म्हणाले, दुर्बीण मुलीकडं परत पाठवून देईन.

का, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही. जेवणाची वेळ झाली होती. काकींनी शेंगोळ्या आणि बाजरीची भाकरी वाढली, माझा नवरा तल्लीन होऊन जेवला. जेवणानंतर काका मला पुन्हा अंगणात घेऊन आले. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे लांबची दुसरी आकाशगंगा, दाखवतो म्हणाले. ती ईशान्येला वर आली होती. साध्या डोळ्यांनीच बघायची, पण सरळ तिच्याकडं बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. मी तसं केलं आणि काळोखात कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी उमटलं. सरळ बघितलं की नाहीसं. मी त्यांना म्हटलं, पडद्याचा मधला भाग रंग आणि बारकावे टिपतो, पण मंद उजेड बाजूच्या भागालाच जास्त कळतो, म्हणून असं होतं. त्यांना हे फार आवडलं. वाळवंटातल्या चौकीवर एका साहेबांनी तिरकं बघायला शिकवलं होतं, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, हे मात्र त्यांनी मला सांगितलं.

मग, तिरकंच बघत असताना, म्हणजे माझ्याकडं न बघता, त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईचा डोळा फार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेला होता. ते तेव्हा फौजेत नुकतेच भरती झाले होते. रजेवर आले तर आई त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघत होती. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं शेवटपर्यंत करू दिलं नाही आणि पुढं तोही गेला. "गोळीला न्हाई भ्यालो कवा," ते म्हणाले. "पर डोळ्यापुढं ती सुई आणली तर म्या उठून पळंन. खोटं न्हाई सांगत. त्यापरीस दुर्बीण गेलेली बरी."

मी त्यांना काहीच होणार नाही असं म्हणाले नाही. तसं कुणालाच म्हणता येत नाही. आता पूर्वीसारखं राहिलं नाही, भिंग बदलतात, टाकेसुद्धा बहुतेक वेळा लागत नाहीत, सुई तर बहुतेकांना दिसतही नाही, एवढं सांगितलं. आणि ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते डॉक्टर मिरजेतच आहेत, मी स्वतः तुमच्याबरोबर येते, असं म्हटलं. निघताना काकी मोटारसायकलपर्यंत आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "तू तारीख घे. ह्यास्नी म्या आणते."

आणि त्यांनी आणलं. दिवाळी झाल्यावर उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. काकांनी फौजेतला जुना कोट घातला होता. आत जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पाठ ताठ ठेवून गेले. काकी पदराशी चाळा करत होत्या. मला वाटलं, घाबरल्या असतील, म्हणून मी काहीबाही बोलायला लागले. तर त्या म्हणाल्या, मला भीती नाही वाटत, राग येतोय. एवढ्या वर्षांत आईच्या डोळ्याची धास्ती मनात धरलीय असं त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि चष्म्याच्या दुकानातल्या बाईला अंधारात सांगून टाकलं. मग त्याच स्वतःवर हसल्या. म्हणाल्या, बरं झालं सांगितलं. मी विचारलं असतं तर ते शेळ्यांना पाणी पाजायला उठून गेले असते.

थोड्याच वेळात ते बाहेर आले, डोळ्यावर पट्टी बांधलेली. झालं? त्यांनीच आम्हाला विचारलं. त्यांना वाटत होतं अजून तयारीच चालू होती. आतल्या मुलीनं झालं म्हणून सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि पहिला फटका काकींना बसला. काकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि विचारलं, ही साडी कधी घेतली? काकी म्हणाल्या, चार वर्षं नेसतेय. काका म्हणाले, मग ती तपकिरी होती. काकी म्हणाल्या, ती पहिल्यापासून जांभळीच आहे, आणि मी तिच्यावर जांभळंच झंपर शिवलं तेव्हा तुम्ही मला रंगाची अक्कल नाही म्हणाला होता. दवाखान्यातले शेजारचे रोगी हसायला लागले. काका भिंतीकडं, खिडकीकडं, निळ्या प्लास्टिकच्या बादलीकडं आळीपाळीनं बघत होते. त्या बादलीकडं तर फारच वेळ.

डॉक्टरांनी सांगितलेली पथ्यं त्यांनी फौजी शिस्तीनं पाळली. वाकायचं नाही म्हटल्यावर दुर्बिणीला हातही लावला नाही. डिसेंबर लागला तसे ते नव्या चष्म्यासाठी आमच्या दुकानात आले. मी नेहमीसारखी काचा बदलत विचारत गेले, हे बरं, की हे? लोक इथं गोंधळतात. घाई करतात, मला खूश करायला काहीतरी सांगतात. काका मात्र प्रत्येक वेळी थांबून, नीट बघून सांगत होते. त्यांचा धंदाच तो होता ना, दोन गोष्टींतला बारीक फरक ओळखायचा.

चष्मा झाल्यावर लगेचच्या रविवारी त्यांचा फोन आला. हंस आता पश्चिमेला उतरायला लागलाय, लवकर या, काळोख पडला की तासाभरात हातचा जाईल. आम्ही गेलो. या वेळी अम्मींनाही नेलं, माझ्या सासूबाईंना. त्या गाडीवर बसायला तयार नव्हत्या, म्हणून शेजाऱ्यांची जीप केली. काका अंगणात तयारच होते. त्यांनी एकट्यानं आधी काही पाहिलं नव्हतं, आमच्यासाठी थांबले होते.

ते दुर्बिणीवर वाकले. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग त्यांनी डावा डोळा लावला, पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"ह्यानं राखेसारखा," ते म्हणाले, "आन ह्यानं निळा." थोडं थांबून म्हणाले, "म्हंजी तवा बी निळाच हुता."

अम्मींनी माझ्याकडं पाहिलं, काय झालं म्हणून. मी त्यांना नंतर सांगते म्हटलं. काकींनी मात्र खुर्ची त्यांच्या मागं सरकवली. ते बसले नाहीत. अभिजित त्या वेळेला पश्चिमेकडं अजून खाली होता, त्यांनी तोही बघून घेतला. एक. खणखणीत एक. "सुटी झाली गड्या तुझी," ते त्या ताऱ्याला म्हणाले, आणि मग आम्ही सगळेच हसलो.

नंतर एक भानगड झाली. डॉक्टर म्हणाले, आता डावा डोळाही करून टाकू. काका नको म्हणायला लागले. मला वाटलं, पुन्हा भीती. पण कारण वेगळं होतं. त्यांना एक नवा डोळा आणि एक जुना डोळा असा संच मिळाला होता, आणि ते प्रत्येक जोडतारा दोन्हींनी बघून ताडून बघत होते. देवयानीच्या पायाशी एक असाच सोनेरी-निळा आहे, तोही. कुठले रंग जुन्या डोळ्यानं मारले होते आणि कुठले वाचले होते, याचा त्यांना छंदच लागला. मी रागावले. काकी रागावल्या. शेवटी तडजोड झाली. जूनमध्ये ढग आले की ऑपरेशन. तेव्हा आभाळ तसंही बंद असतं, डोळा मिटून बसायला काही हरकत नाही.

एव्हाना मलाही लागण झाली होती. दुकानात विकायला ठेवलेल्या दुर्बिणींतली एक द्विनेत्री मी काउंटरमधून काढून घरी नेली. नवऱ्यानं एक-दोनदा विचारलं आणि मग सोडून दिलं. रमजानच्या शेवटी चांदरातीला आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका जमतात. मग़रिबच्या नमाजनंतर सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडं. मी द्विनेत्री वर नेली, तर अम्मी म्हणाल्या, चाँद आपल्या डोळ्यांनी बघायचा, यंत्रानं नाही. मी ती बाजूला ठेवली. चंद्रकोर दिसली, ती सगळ्यात आधी अम्मींनाच, कारण त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी वेळेत करवून घेतलं होतं. दुआ झाली, मुबारक झालं, अर्ध्या बायका मेहंदीसाठी खाली पळाल्या. मग मी अम्मींच्या हातात द्विनेत्री दिली आणि कोरीच्या वर, कृत्तिकांच्या तारकापुंजाकडं वळवली. गच्चीवरून साध्या डोळ्यांनी तो नुसता मळकट पुंजका दिसतो. अम्मी बघत राहिल्या. त्या तरुणपणी दुपट्ट्यावर चमकीचं काम करायच्या. म्हणाल्या, कुणीतरी चमकीची पुडी सांडली आणि भरून घ्यायची राहिली. मग त्या खाली यायलाच तयार होईनात. शीरखुर्म्यासाठी सुका मेवा मी एकटीनं चिरला.

ईदनंतर थोड्या दिवसांनी, एप्रिलच्या उन्हातला एक रविवार बघून, आम्ही दोघं शीरखुर्म्याचा डबा घेऊन काकांकडं गेलो. त्या संध्याकाळी त्यांनी दुर्बीण उत्तरेकडं लावली होती. सप्तर्षी ईशान्येला वर येत होते. शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून अगदी बारीक अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. मी मुसलमान घरातली, आमच्याकडं ती पद्धत नाही, म्हणून मी काकींना विचारलं, तुम्हाला लग्नात दाखवली होती का?

काकी शीरखुर्मा वाट्यांत काढत होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला.

"दाखवली की," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुढं मुंडावळ्या, बाजूला गॅसबत्ती. बामण इचारतोय, दिसली का, दिसली का. मागं समदी मंडळी उपाशी. हे म्हटलं दिसली, मग म्या बी म्हटलं दिसली. कशाचं काय, मला काळं सुदिक दिसलं न्हाई."

मी हसायला लागले. पण माझं लक्ष काकांकडं होतं. ते दुर्बिणीचा स्क्रू विनाकारण आवळत होते.

"मला तरी कुठं दिसली हुती?" ते म्हणाले. "फौजेत गेल्यावर पैल्यांदा बघितली ती."

काकी त्यांच्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत दोघांनीही एकमेकांना हे सांगितलं नव्हतं. मग काकींनी आपला चष्मा पुसला, मीच केलेला, आणि अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्या खांद्यामागून हात लांब करून बोटानं दाखवलं. शेपटाचा मधला. त्याच्या डोक्यावर. काकी बघत होत्या, मान जरा पुढं, श्वास धरून.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हाय. बारकी हाय."

मग त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. तिच्यातून अरुंधती चांगलीच लांब सरकते आणि खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे निघतात. काकींनी दोनदा मोजलं. मग डोळा न काढता काकांना विचारलं, अरुंधती ही बाजूची, तर मग वसिष्ठाला अगदी खेटून बसलेली ही दुसरी कोण? माझा नवरा वाटी घेऊन आला होता, तो म्हणाला, काका, याचं उत्तर जपून द्या.

काका म्हणाले, दोघेही तारे एकमेकांभोवती फिरतात, एक फेरी पुरी व्हायला हजारो वर्षं लागतात. काकी म्हणाल्या, फिरू देत, आणि आपली वाटी मागितली. शीरखुर्मा थंड झाला होता, तरी सगळ्यांनी दोनदा घेतला. मी दुर्बिणीशी गेले तेव्हा वसिष्ठ नजरेच्या कडेला सरकला होता. पृथ्वी फिरते, तसं दुर्बिणीतलं सगळं सारखं सरकत राहतं. मी त्याला हळूच पुन्हा मध्ये आणलं आणि काकींना हाक मारली, कारण त्यांना अजून एकदा बघायचं होतं.